गल्लीच्या लीगमध्ये साडू-साडूचा ट्रेड: अध्यक्षाने अडवावा का?

पॅव्हेलियनएंड (सोमवार, रात्री ११:१०)

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या आमच्या गल्लीच्या टेनिस बॉल लीगचा यंदाचा अध्यक्ष मी. कुणीच व्हायला तयार नव्हतं, म्हणून गळ्यात पडलंय.

आठ संघ आहेत. लिलाव करून पोरं वाटली. प्रत्येक संघाला दहा हजार पॉइंट, पैसे नव्हेत. प्रत्येकाच्या सात मॅच, वरचे चार सेमीला. संघांची एंट्री फी पंधरा हजार, पहिलं बक्षीस एक्कावन्न हजार आणि ढाल.

आतापर्यंत पाच-पाच मॅच झाल्यात. पिवळे एकच जिंकलेत, निळे तीन. आज रात्री जेवून उठतोय तोवर पिवळ्यांच्या मालकाचा मेसेज आला, "आमचा ऑलराउंडर निळ्यांना देतोय, त्यांची दोन पोरं घेतोय, नोंद घ्यावी." हा ऑलराउंडर लिलावात ३४०० ला गेला होता, सगळ्यांत महाग. बदल्यात येणारी पोरं एक ३०० चा, एक २०० चा. त्यातला एक तर पाचही मॅच पाण्याच्या बाटल्या घेऊनच धावलाय.

निळे आणि लाल दोघेही तीन-तीनवर आहेत आणि शेवटची मॅच त्यांच्यातच आहे. त्यामुळे लालवाल्यांनी मला झोपू दिलेलं नाही.

आणि हो, पिवळ्यांचा मालक आणि निळ्यांचा मालक साडू आहेत.

नियमांचा कागद दीड पानाचा. त्यातलं अर्धं पान नो बॉल आणि फेकी बॉलिंगवरच गेलंय. ट्रेडबद्दल एकच ओळ: "खेळाडूंची अदलाबदल कमिटीच्या संमतीने करता येईल." संमती कधी द्यायची, कधी नाही, काही लिहिलेलं नाही. बुधवारपर्यंत सांगायचंय. तुम्ही काय केलं असतं?

कुंदावाला (सोमवार, रात्री ११:२२)

साडूला कुंदा देतात ओ, ऑलराउंडर नाही.

लेगबाय (सोमवार, रात्री ११:३५)

अडवा, यात विचारण्यासारखं काय आहे?

लिलाव कशासाठी केला? सगळ्यांना सारखे पॉइंट मिळावेत म्हणून. ज्याने ऑलराउंडरवर ३४०० घातले त्याला बाकीची पोरं स्वस्तातली घ्यावी लागली, ते त्याने मोजून-मापून केलं. निळ्यांनी तेच ३४०० चार बऱ्या पोरांवर घातले. आता ती चार पोरंही त्यांची आणि ऑलराउंडरही त्यांचा. मग लिलावाच्या रात्री हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून, माइकवर "एकवार, दोनवार" करत बाराला संपवलं ते कशाला? सरळ साडूंच्या घरी जेवायला बसून संघ ठरवायचे होते.

ऑफस्टंप (सोमवार, रात्री ११:५१)

लेगबायशी असहमत. मालकाने मूर्खपणा केला तर तो त्याचा हक्क आहे. संघ त्याचा, एंट्री फी त्याची. अध्यक्षाचं काम मॅच वेळेवर सुरू करणं आणि बॉल नवा आहे की नाही बघणं. आज हा ट्रेड "वाईट" म्हणून अडवला, उद्या कोण कितव्या नंबरला बॅटिंगला येणार तेही तुम्हीच ठरवणार का?

वाईट ट्रेड कुठला ते कुणी सांगावं? २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गुजरातने हार्दिकला मुंबईला दिलं तेव्हा सगळे म्हणाले, मुंबईने लुटलं. २०२४ च्या आयपीएलमध्ये मुंबई दहावी. दहापैकी दहावी.

पुण्यातला_बेळगावकर (मंगळवार, सकाळी ७:४०)

या प्रश्नावर अमेरिकेत शंभर वर्षं डोकी फुटतायत. जरा लांबण लावतो.

बेसबॉलमध्ये १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे त्यांच्या फायनलमध्ये, फिक्सिंग झालं. लोकांचा विश्वास उडाला, तेव्हा मालकांनी केनेसॉ माउंटन लँडिस नावाच्या न्यायाधीशाला कमिशनर, म्हणजे लीगचा प्रमुख, म्हणून आणलं आणि "खेळाच्या हितासाठी" वाटेल ते करायचा अधिकार दिला. तो अधिकार पुढच्या कमिशनरांकडेही आला.

१९७६ च्या जूनमध्ये ओकलंडचा मालक चार्ली फिन्ली याने तीन मोठे खेळाडू एका फटक्यात विकले. व्हायडा ब्लू यांकीजना १५ लाख डॉलरला, जो रूडी आणि रॉली फिंगर्स बॉस्टनला प्रत्येकी १० लाखांना. हा संघ साधासुधा नव्हता, १९७२, ७३, ७४ अशी सलग तीन वर्षं वर्ल्ड सिरीज जिंकलेला. फिन्लीचं म्हणणं, करार संपले की ही पोरं फुकट जाणार, मग आत्ताच पैसे का करू नयेत? कमिशनर बोवी कून यांनी तीन दिवसांत सगळे व्यवहार रद्द केले. फिन्ली कोर्टात गेला, हरला. १९७८ ला अपिलातही हरला.

आता गंमत बघा. सीझन संपल्यावर रूडी आणि फिंगर्स खरंच निघून गेले, ओकलंडला दमडी मिळाली नाही. १९७७ ला ओकलंड आपल्या गटात शेवटचं, त्याच वर्षी नव्याने सुरू झालेल्या सिएटलच्याही खाली. कमिशनरने संघ वाचवायला ट्रेड अडवला, आणि संघ बुडाला तो बुडालाच.

कुंदावाला (मंगळवार, सकाळी ८:०५)

भावा, तू आयटीत आहेस की बेसबॉलात? पण वाचलं बघ सगळं. चहा गार झाला.

लेगबाय (मंगळवार, सकाळी ८:३०)

@पुण्यातला, ओकलंड बुडालं ते मालकाने पगार दिला नाही म्हणून. कूनने अडवल्यामुळे नव्हे. अडवलं नसतं तर यांकीज आणि बॉस्टनने निम्म्या खेळाडूंची खरेदीच केली असती.

वकीलीणबाई (मंगळवार, सकाळी १०:१५)

फिन्लीच्या खटल्यात एक बारीक मुद्दा आहे. तो हरला, कारण सगळ्या मालकांनी आधीच सही करून दिली होती की कमिशनरच्या निर्णयावर कोर्टात जाणार नाही. अधिकार आधी लिहून दिलेला होता. तुमच्या कागदावर "संमतीने" एवढाच शब्द आहे. त्याचा अर्थ कमिटीने वाटेल ते करावं असा होत नाही, पण डोळे झाकून सही करावी असाही होत नाही. कारण द्यावं लागेल, आणि ते कारण उद्या दुसऱ्या ट्रेडलाही लावता आलं पाहिजे.

दुसरं, आपल्या जवळचं. २०१९ ला कर्नाटक प्रीमियर लीगमध्ये फिक्सिंगचं प्रकरण झालं, त्यात बेळगावच्या नावाने खेळणाऱ्या संघाच्या मालकालाही अटक झाली होती. आठवत असेल. २०२२ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने फसवणुकीचा तो गुन्हा रद्द केला. कोर्ट म्हणालं, फिक्सिंग हा शिस्तभंग असू शकतो आणि क्रिकेट मंडळ आपल्या नियमांनी कारवाई करू शकतं, पण कलम ४२० खाली ते बसत नाही. म्हणजे लीगचं घर लीगनेच झाडायचं. त्यामुळे ऑफस्टंप म्हणतात तसं "बॉल नवा आहे की नाही बघा" एवढ्यावर अध्यक्षाची सुटका नाही.

खानापूरकर (मंगळवार, दुपारी १२:४०)

आमच्या तालुक्यातल्या एका गावची गोष्ट सांगतो, पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. नाव सांगत नाही, अजून ती माणसं बाजारात भेटतात.

सहा गावांची टुर्नामेंट. पहिलं बक्षीस बोकड. लिलाव वगैरे काही नाही, गावाने गावाचा संघ उतरवायचा. पण "पाहुणा खेळाडू एक चालेल" असा नियम होता. सेमीच्या आदल्या दिवशी बाहेर पडलेल्या एका गावाने आपला फास्ट बॉलर दुसऱ्या गावाला पाहुणा म्हणून दिला. कमिटीने म्हटलं, नियमात बसतंय, काय हरकत? तो खेळला, पाच विकेट काढल्या, फायनल पण जिंकली.

बोकड कापायची वेळ आली. खाटकाने विचारलं, किती वाटे? तेव्हा त्या संघाचा कॅप्टन बोलून गेला, "मागची एक तंगडी बाजूला काढ, बॉलर दिला त्या गावची हाय." पोरं हसली. पण हरलेल्या फायनलवाल्यांचा एक माणूस तिथेच विडी ओढत बसला होता. म्हणजे बॉलर पाहुणा नव्हता, भाड्याने आणला होता. त्या रात्री जे झालं ते लिहीत नाही. पुढची चार वर्षं टुर्नामेंट झाली नाही. बोकड मात्र खाल्ला, दोन्हीकडच्यांनी.

तर माझं म्हणणं एवढंच, ट्रेड चांगला का वाईट ते बघू नका. तंगडी कुठे ठरलीय ते बघा.

ऑफस्टंप (मंगळवार, दुपारी १२:५८)

तंगडी 😂 हे मान्य. चोरून काही ठरलं असेल तर अडवा. पण साडू आहेत एवढ्यावरून तंगडी सिद्ध होत नाही. बेळगावात कोण कुणाचा साडू नाही?

पुण्यातला_बेळगावकर (मंगळवार, दुपारी १:२०)

खानापूरकर, तुमच्या बोकडाचा इंग्लंडमधला भाऊ सांगतो. २००६ ला वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबने कार्लोस तेवेझ आणि मास्केरानो हे दोघे आणले. पण त्या खेळाडूंच्या हक्कात तिऱ्हाईत कंपन्यांचा वाटा होता आणि ती कागदपत्रं क्लबने लीगला दाखवली नाहीत. उघडकीला आलं २००७ मध्ये. दंड झाला ५५ लाख पाउंड, गुण मात्र कापले नाहीत. शेवटच्या दिवशी तेवेझनेच मँचेस्टर युनायटेडवर गोल केला, वेस्ट हॅम वाचलं आणि शेफील्ड युनायटेड खालच्या लीगमध्ये गेलं. पुढे दोन्ही क्लबांनी कोर्टाबाहेर तडजोड केली, पण शेफील्ड परत वर नाही आलं त्या तडजोडीने.

म्हणजे तंगडी मॅचच्या आधी शोधायची. बोकड कापल्यावर काय उपयोग?

शहापूरची_सून (मंगळवार, दुपारी ३:०५)

बाकीचं कळलं नाही, पण बोकड कळला. खानापूरकर, विडी ओढणारा माणूस तुम्हीच ना?

खानापूरकर (मंगळवार, दुपारी ३:११)

मी विडी सोडलीय ताई.

स्कोअरर (मंगळवार, संध्याकाळी ५:३०)

मी याच लीगचा स्कोअरर. वही माझ्याकडे आहे, म्हणून एक चूक सुधारतो. सगळे धरून चाललेत की पिवळे बाहेर पडलेत. पडलेले नाहीत.

आत्ताचे विजय असे: ५, ४, ३, ३, २, १, १, १. निळे तीन, लाल तीन, पिवळे एक. पिवळ्यांनी उरलेल्या दोन्ही जिंकल्या तर तीन होतात. निळे दोन्ही हरले तर तीनवरच राहतात. दोनवाला संघही दोन्ही हरला, तर चौथ्या जागेसाठी पिवळे आणि निळे रनरेटवर येतात. अवघड आहे, पण वहीत अजून जिवंत आहेत.

म्हणजे पिवळ्यांनी आपला सगळ्यांत चांगला माणूस नेमका त्याच संघाला दिला ज्याच्याशी त्यांची चौथ्या जागेसाठी गाठ पडू शकते. असा सौदा स्वतःचा संघ जिंकावा असं वाटणारा माणूस करत नाही.

लेगबाय (मंगळवार, संध्याकाळी ५:४२)

+१००. विषय संपला.

ऑफस्टंप (मंगळवार, संध्याकाळी ६:१५)

संपला नाही. पिवळ्यांच्या मालकाला हे गणित येत असेल असं वाटतं का? मला तरी स्कोअररनी सांगेपर्यंत आलं नव्हतं.

आणि मोठी माणसं पण गाढवपणा करतात. एनबीए, म्हणजे अमेरिकेची बास्केटबॉल लीग. तिथे २०२५ च्या फेब्रुवारीत डॅलसने लुका डॉन्चिच लेकर्सना दिला, पंचवीस वर्षांचा पोरगा, जगातल्या पहिल्या पाचात. बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि पहिल्या फेरीचा एक पिक (नवा खेळाडू निवडायची पाळी). डॅलसमध्ये लोक रडले. एनबीएच्या कमिशनरने अडवला का? नाही. तुमचा संघ, तुमचं डोकं.

पुण्यातला_बेळगावकर (मंगळवार, संध्याकाळी ६:४०)

एनबीएने गाढवपणावर दुसरं औषध काढलंय. १९८० च्या आसपास क्लीव्हलंडचा मालक टेड स्टेपियन पहिल्या फेरीचे पिक चणे-फुटाण्यासारखे वाटत सुटला. संघ खंक. मग लीगने नियमच केला की लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक देता येणार नाहीत. आजही त्याला स्टेपियन रूल म्हणतात. कमिशनरला दरवेळी उठून "हा गाढव आहे का?" असं ठरवावं लागत नाही.

कॅम्पातला (मंगळवार, रात्री ८:२०)

सगळे बोललात, आता मी एक विचारतो. अध्यक्षमहाराज, तुमचा भाचा कुठल्या संघात खेळतो?

कुंदावाला (मंगळवार, रात्री ८:२२)

आता मजा यायला लागली की ओ.

पॅव्हेलियनएंड (मंगळवार, रात्री ९:००)

लाल. सांगायला हवं होतं, चुकलं. पण तो १५० पॉइंटचा फिल्डर आहे, आणि त्याच्यासाठी मी हे करत नाहीय. खरंच.

पुण्यातला_बेळगावकर (मंगळवार, रात्री ९:१८)

तुमच्यावर विश्वास आहे, पण लोकांचा बसणार नाही. एनबीएचे तेव्हाचे कमिशनर डेव्हिड स्टर्न यांचंही हेच झालं. २०११ च्या डिसेंबरमध्ये न्यू ऑर्लिन्सने ख्रिस पॉल लेकर्सना द्यायचं ठरवलं, तीन संघांचा ट्रेड होता. स्टर्ननी नाही म्हणून सांगितलं, कारण दिलं "बास्केटबॉलची कारणं". पण न्यू ऑर्लिन्सचा संघ तेव्हा लीगच्याच मालकीचा होता. म्हणजे कमिशनर मालकही होता आणि पंचही. आठवड्याच्या आत पॉल गेला क्लिपर्सकडे. दुसरा ट्रेड कदाचित न्यू ऑर्लिन्ससाठी बराही असेल, पण आजही लोक ते दोन शब्द शिवीसारखे वापरतात.

लेगबाय (मंगळवार, रात्री ९:३०)

आता भाचा लालमध्ये, लाल तक्रार करतंय, मामा ट्रेड अडवणार. अध्यक्ष, मी तुमच्या बाजूचा आहे, पण तुम्ही यात बसू नका. दुसरे कुणी तिघे बसवा.

निप्पाणीकर (मंगळवार, रात्री ९:४४)

लवाद नेमा, पण जपून. लवाद आपणच मागायचा आणि निकाल आल्यावर आपणच नाकारायचा, याचा अनुभव आपल्या भागाला १९६७ पासून आहे. आणि सुप्रीम कोर्टात नेऊ नका, तिथे आपली केस २००४ पासून आहे. ट्रेड २०५० ला मंजूर होईल.

ॲडमिन (मंगळवार, रात्री ९:५०)

सीमाप्रश्नाचा वेगळा धागा आहे. महाजन अहवाल इथे आणू नये. (निप्पाणीकर, हसलो पण.)

सेकंडशिफ्ट (मंगळवार, रात्री ११:४०)

आत्ता कामावरनं आलोय. सगळं वाचलं. एक गोष्ट कुणीच विचारली नाही.

तो ऑलराउंडर माझ्याबरोबर उद्यमबागेत फाउंड्रीत असतो. त्याला हा ट्रेड कसा कळला माहितीय? दुपारी तीनला शिफ्टला येताना गेटवर मोबाईल बघितला, ग्रुपवर कुणीतरी "वेलकम टू निळे" टाकलं होतं. मालकाने त्याला फोनही केलेला नाही.

या आठवड्यात आम्ही दोघं सेकंड शिफ्टला. तीन ते अकरा, शनिवारपण. पिवळ्यांची मॅच रविवारी सकाळी आठला आहे, म्हणून तो निवांत होता. निळ्यांची शनिवारी चारला. म्हणजे त्याने एकतर रजा टाकायची, नाहीतर कुणाशी शिफ्ट बदलायची. मोल्डिंगला माणसं आधीच कमी आहेत, सुपरवायझर रजा देत नाही. आज जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून नुसता बसला होता. मी विचारलं, खेळणार का? म्हणाला, "मला विकत घेतलं तेव्हा विचारलं नाही, आता तरी विचारायचं होतं." लिलावात ३४०० ला गेला त्या रात्री हाच पेढे घेऊन आला होता, तेव्हा हे मनात नव्हतं त्याच्या.

ऑफस्टंप (मंगळवार, रात्री ११:५६)

हे लक्षात आलं नव्हतं. हा मुद्दा मला पटतो. आयपीएलमध्ये पण खेळाडूची संमती लागते.

शहापूरची_सून (बुधवार, सकाळी ६:५०)

मी कालच विचारणार होते, पण वाटलं क्रिकेटमधलं मला काय कळतं. आमच्याकडे बाईची बदली सांगताना पण आधी घरी विचारतात.

यॉर्कर (बुधवार, सकाळी ८:१०)

आयपीएलचा विषय निघालाच आहे तर. २०१० ला जडेजाला पूर्ण सीझन बाहेर बसवलं होतं, कारण राजस्थानबरोबरचा करार नवीन न करता तो दुसऱ्या संघाशी परस्पर बोलत होता. आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तोच जडेजा ट्रेडने राजस्थानकडे गेला, संजू सॅमसन चेन्नईकडे. चौकटीत झालं म्हणून कुणी काही बोललं नाही. परस्पर केलं की बंदी, सांगून केलं की बातमी.

वकीलीणबाई (बुधवार, सकाळी ९:३०)

मग तीन गोष्टी विचारा, बस. एक, खेळाडू तयार आहे का? दोन, ट्रेडबाहेर काही द्यायचं-घ्यायचं ठरलंय का, तंगडी? तीन, तारीख. शेवटच्या दोन मॅच राहिल्यावर ट्रेड करू द्यायचा का? आयपीएलमध्ये सुद्धा कधीही कुणीही जाऊ शकत नाही, ठराविक मुदत असते. "चांगला का वाईट" यात शिरू नका. ऑफस्टंप आणि लेगबाय त्यावर दिवाळीपर्यंत भांडतील.

लेगबाय (बुधवार, सकाळी ९:३६)

भांडू की.

पॅव्हेलियनएंड (बुधवार, रात्री १०:४५)

झालं. सांगतो.

मी बाजूला झालो. जुने तीन खेळाडू बसवले, कुणाचाही पोरगा, भाचा, साडू कुठल्या संघात नाही असे. तसे तीन शोधायला संध्याकाळ गेली. देवळाच्या कट्ट्यावर बसले, दोघा मालकांना वेगवेगळं बोलावलं. मी लांब चहाच्या गाड्यावर उभा होतो, पण ऐकू येत होतं.

पिवळ्यांचा मालक म्हणाला, काही ठरलेलं नाही, साडूचा शब्द राखला एवढंच. मग निळ्यांचा मालक आला. त्याला विचारलं, या ट्रेडसाठी त्यांना आणखी काही देणार आहात का? तो अगदी सरळपणे म्हणाला, "हो, पुढच्या वर्षीची त्यांची एंट्री फी आम्ही भरणार. त्यात काय?" पंधरा हजार. त्याला यात काही चुकीचं वाटतच नव्हतं. कट्ट्यावरचे तिघे एकमेकांकडे बघायला लागले आणि त्यातला एक हळूच म्हणाला, "तंगडी."

ट्रेड परत केला. कारण कागदावर लिहून दिलंय: खेळाडूला विचारलं नाही, आणि बाहेरचा व्यवहार सांगितला नाही. सौदा वाईट आहे असं मुद्दाम लिहिलेलं नाही. दुसरा ट्रेड आणायचा असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत, खेळाडूच्या सहीसकट. त्या पोराला मी स्वतः फोन केला. म्हणाला, काका, मी रविवारी सकाळी येतो, पिवळ्यांकडूनच.

पिवळ्यांचा मालक ग्रुप सोडून गेलाय.

ऑफस्टंप (बुधवार, रात्री ११:०२)

विचारलं नाही हे कारण शंभर टक्के बरोबर. पण एंट्री फीवाला मुद्दा मला अजून पटत नाही. निळ्यांच्या मालकाने तोंडावर सांगितलं, लपवलं कुठे? फिन्लीने पैशाला खेळाडू विकले तेही उघडपणेच विकले होते. नियमात पैसे घेऊ नका असं कुठे होतं?

खानापूरकर (बुधवार, रात्री ११:१५)

विचारल्यावर सांगितलं ओ. खाटकाने विचारल्यावर आमचा कॅप्टन पण सांगून मोकळा झाला होता. आणि इथे तर एक साडू नाही म्हणतोय आणि दुसरा हो म्हणतोय.

ऑफस्टंप (बुधवार, रात्री ११:१९)

हा मुद्दा बरोबर. थोडा.

शहापूरची_सून (गुरुवार, सकाळी ७:१५)

दोघी बहिणींना काल कुणी विचारलं का? मला वाटतं ट्रेड त्यांनीच ठरवला असेल.

स्कोअरर (रविवार, संध्याकाळी ७:२०)

सहाव्या फेरीनंतरची वही.

शनिवार: निळे पहिल्या नंबरच्या संघाला सहा रनांनी हरवून चारवर. ऑलराउंडरशिवाय. रविवार: पिवळे हरले, आता खरंच बाहेर. ऑलराउंडर रात्री अकराला शिफ्ट संपवून सकाळी साडेसातला मैदानात होता. नऊ रन, तीन ओव्हर, एकही विकेट नाही. एक कॅच सुटला.

लालही जिंकले, तेही चारवर. अध्यक्षांचा भाचा शून्यावर रनआउट.

कुंदावाला (रविवार, संध्याकाळी ७:३१)

म्हणजे ट्रेड झाला असता तरी हेच? चार दिवस आमचं डोकं खाल्लं ते?

लेगबाय (रविवार, संध्याकाळी ७:४०)

हेच झालं असतं असं नाही. शनिवारी चारला तो मोल्डिंगवर असता आणि निळे दहाच जणांनी खेळले असते.

सेकंडशिफ्ट (रविवार, रात्री ८:१०)

कॅच सुटला तो डोळ्यावर ऊन होतं म्हणून. आणि झोप नव्हती. लिहून ठेवा.

पॅव्हेलियनएंड (रविवार, रात्री ९:३०)

पिवळ्यांचा मालक ग्रुपवर परत आलाय. बॉलचे पैसे राहिलेत म्हणून मेसेज टाकला होता, तेव्हा आला.

पुढच्या वर्षीसाठी नियम लिहिलेत. चौथ्या मॅचनंतर ट्रेड बंद, खेळाडूची सही, बाहेरचं देणं-घेणं सांगितलंच पाहिजे, आणि निर्णय देणाऱ्याचं कुणी त्या संघांत नको. वकीलीणबाईंनी तपासून दिले. कागद आता पावणेदोन पानांचा झालाय. नो बॉलचं अर्धं पान तसंच ठेवलंय, त्याला हात लावायची कुणाची हिंमत नाही.